अक्षर ओळखलं, मजकूर वाचला नाही

११ मार्च

सात वर्षं सक्तमजुरी.

न्यायाधीशांनी आकडा उच्चारला तेव्हा मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस. का पाहिलं, कोण जाणे. धाकट्या भावाने आरोपीच्या पिंजऱ्यातून माझ्याकडे बघून हात हलवला. त्याला वाटलं, झालं, आता घरी जायचं. शिपाई त्याला मागच्या दाराने नेऊ लागले तेव्हा तो थांबला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ताई, आपलं दार तिकडे आहे ना?"

"जा त्यांच्याबरोबर," मी म्हणाले. तो गेला. माझं तो ऐकतोच.

घरी येऊन निकालपत्र वाचलं. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे हातात पेन्सिल असल्याशिवाय वाचता येत नाही. तीन ठिकाणी खूण केली. 'गुन्ह्याची आखणी आपणच केली असे आरोपी स्वतःच्या सुवाच्य हस्ताक्षरात कबूल करतो.' 'आरोपी साक्षर असून त्याची समज शाबूत असल्याचे थोरल्या बहिणीच्या साक्षीवरून दिसते.' 'सुनावणीभर आरोपी हसत होता. पश्चात्तापाचा लवलेशही दिसला नाही.'

हसत होता, कारण मीच बजावलं होतं. कोर्टात रडायचं नाही, तोंड हसरं ठेवायचं.

१२ मार्च

क्रमाने लिहून काढते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल.

धाकटा सेहेचाळीस वर्षांचा. आई गेल्यापासून माझ्याकडे, आणि खरं म्हणजे त्याआधीपासूनच. कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात दोघे जण बसायचे. याचा इस्त्रीचा शर्ट बघून याला 'साहेब' म्हणायचे. हा खूश. घरी येऊन सांगायचा, "ताई, मला दोन मित्र आहेत." मी म्हणायचे, "छान. हात धू."

नोव्हेंबरात एका संध्याकाळी त्यांनी त्याला औषधांच्या दुकानात नेलं. हातात सुरी दिली, दारात उभं केलं, "आम्ही सांगेपर्यंत हलायचं नाही, कुणाला बाहेर सोडायचं नाही" म्हणाले. गल्ला घेऊन दोघे मागच्या बाजूने पसार झाले, ते आजवर सापडलेले नाहीत. हा दारातच उभा. दुकानातले म्हातारे कंपाउंडर बाहेर पडायला गेले, सुरी त्यांच्या तळहाताला लागली. चार टाके. पोलीस आले तरी हा जागचा हलला नव्हता.

ठाण्यात त्याने दोन पानी जबाब लिहून दिला, दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हाही हो म्हणाला. तो जबाब कोर्टात माझ्यापुढे धरला. सरकारी वकिलांनी विचारलं, "हे अक्षर तुमच्या भावाचं?" मी म्हणाले, "हो. मीच घोटवून घेतलंय." अक्षर खरोखर देखणं होतं. एकेक शिरोरेघ ताणलेली.

मी कोर्टात जे खरं तेच सांगितलं.

२० मार्च

मधल्या बहिणीचा फोन. रडून झाल्यावर भांडायला लागली. तिचा क्रम ठरलेला आहे.

"ताई, तू साक्षीत काय सांगितलंस?"

"विचारलं ते."

"माझा भाऊ वेडा नाही, असं म्हणालीस ना?"

"मग आहे का?"

"वेडा नाही गं. पण सहा डझन केळी आण म्हटलं तर सहा केळी आणि एक डझन पिशव्या आणणारा माणूस दरोड्याची आखणी करेल? आणि तू तिथे त्याच्या अक्षराला मार्क देत बसलीस!"

"वरच्या आवाजात बोलू नकोस."

"बघ. हेच. या आवाजाने आम्ही सगळे सरळ झालो. मी लग्न करून सुटले, तो बिचारा कुठे जाणार?"

मी फोन ठेवला. दुपारभर स्वयंपाकघरातले डबे पुसले. एकही मळलेला नव्हता.

२ एप्रिल

मोफत विधी सल्ल्याच्या खात्यातून एक वकीलबाई मिळाली आहे. झेरॉक्सच्या दुकानावर ऑफिस. खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली जुन्या कायद्याचं पुस्तक. वय तिशीच्या आतबाहेर. केस बांधलेले नाहीत. पहिल्या पाच मिनिटांत मला नापसंत.

ती म्हणाली, "मॅडम, तो दारात सुरी घेऊन उभा होता, ते पुसता येणार नाही. आपण शिक्षेविरुद्ध अपील करू. त्याला समज किती, हे खालच्या कोर्टापुढे आलंच नाही. आलं असतं तर सात वर्षं झाली नसती. त्याला वाचता येतं?"

"लिहितो फार सुंदर."

"मी वाचता येतं का, ते विचारलं."

"कोर्टात सांगितलंय मी."

"काय सांगितलंत ते माझ्यापुढे आहे. 'त्याला लिहिता-वाचता येते.' मी तुम्हाला आत्ता विचारतेय."

मी पर्स उचलली आणि जिना उतरले. अर्ध्या जिन्यात आठवलं, छत्री वर राहिली. ती आणायलाही परत गेले नाही.

३ एप्रिल

त्याला वाचता येत नाही.

हे आजवर कुठेही लिहिलं नव्हतं. इथेसुद्धा नाही. तो अक्षरं काढतो, जशी दिसतील तशी, चित्रासारखी. मी छापखान्यातून रद्द मुद्रितं आणायचे, तो रोज एक पान उतरवून काढायचा. समासातल्या माझ्या खुणासुद्धा उतरवायचा. खोडलेला शब्द खोडलेलाच काढायचा, पानाचा आकडा, कोपऱ्यातला चहाचा डागही पेनाने गोल करून. आम्ही हसायचो. पाहुणे आले की मी वही दाखवायचे. पाहुणे म्हणायचे, "अरे वा! कोण म्हणतं याला काही येत नाही?" एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी मी बावीस वर्षं वह्या भरून घेतल्या.

कपाटाच्या तिसऱ्या खणात, तळाला घातलेल्या कागदाखाली, डॉक्टरांचा अहवाल आहे. तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी नुकती बीए झाले होते. 'बौद्धिक वाढ कायमची मंद. मोठेपणीही समज सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी राहील. विशेष शाळेची शिफारस.' आई ती शाळा बघायला मला घेऊन गेली. एका वर्गात मुलं मणी ओवत होती. मी आईला म्हणाले, "आपला तिथला नाही. मी शिकवते." आईने विश्वास ठेवला. बीए झालेली मुलगी.

कागद काढला. घडीवर फाटला आहे, वाचता येतो.

४ एप्रिल

अहवाल वकीलबाईच्या टेबलावर ठेवला. तिने वाचला. मला वाटलं होतं, ती काही बोलेल. ती म्हणाली, "चहा घेणार?" आणि छत्री परत दिली.

मग म्हणाली, "मॅडम, हा कागद दिला की विचारतील, आधी का नाही दिलात. तुम्हाला पुन्हा उभं राहावं लागेल. शपथेवर खोटं सांगितल्याबद्दल तुमच्यावरही येऊ शकतं."

"येऊ दे."

"आणि तो समोर बसलेला असेल."

मी चहा पिऊन टाकला.

१९ एप्रिल

तुरुंगात भेट. जाळीपलीकडे पंधरा मिनिटं. वजन उतरलंय. शर्टाची बटणं वर-खाली लावलेली. मी खुणावलं, त्याने तिथल्या तिथे सोडून नीट लावली.

"कुणी त्रास देतं का?"

"हो."

"कोण?"

"हो."

बाजूच्या पहारेकऱ्याने सांगितलं, "बाई, हा कशालाही हो म्हणतो. बराकीतल्यांना गंमत वाटते. परवा चौघांची भांडी घासत होता. मी म्हटलं, का रे? तर म्हणे, त्यांनी मोठ्याने सांगितलं."

२८ मे

कोर्टाच्या परवानगीने मानसतज्ज्ञ डॉक्टरांनी त्याला तपासलं. मला दाराशी बसू दिलं. डॉक्टर आधी हळू बोलले. चित्रं दाखवली, ठोकळे दिले. मग एकदम आवाज चढवला.

"काल तुम्ही विमान चालवलं. खरं ना?"

"हो."

"आणि विमान तुम्हीच चोरलं होतं!"

"हो. चुकलं माझं."

तो हात जोडून उभा राहिला. 'चुकलं माझं' म्हणताना मान डावीकडे झुकवतो, ती लकब मला चांगली माहीत आहे. आमच्या घरातली आहे.

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "कुणी करड्या आवाजात बोललं की तो लगेच कबूल करतो. कबूल केलं की समोरचा शांत होतो, हे त्याला पक्कं शिकवलं गेलंय. लहानपणापासून. घरात कोण कडक होतं?"

मी म्हणाले, "शिस्त होती. शिस्त नसती तर तो रस्त्यावर आला असता."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. शिस्त वाईट कधीपासून झाली, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

१४ जून

आजचा दिवस.

वकीलबाईने कोर्टातून मूळ जबाबाची छायाप्रत मिळवली. निकालासोबतची प्रत टंकलिखित होती, तीच सगळ्यांनी वाचलेली. तिने मूळ माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, तुम्ही मुद्रित-तपासनीस होतात ना? तपासा."

पहिल्या पानावर बारावी ओळ. 'गल्ल्यातील रक्कम तिघांत वाटून घेण्याचे ठरले' इथे वाक्य थांबतं. त्यापुढे, ओळीच्या मधोमध, दोन्ही बाजूंना कंस, सुरेख अक्षरात: 'मागे पाहा.' आणि मग त्याच ओळीत पुढचं वाक्य चालू.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

त्याच्यापुढे कुणीतरी लिहिलेला कागद ठेवला होता, पाठपोट. पुढची बाजू संपली तिथे लिहिणाऱ्याने 'मागे पाहा' लिहिलं. धाकट्याने तेही उतरवलं. तो सगळं उतरवतो. दुसऱ्या पानाच्या शेवटी, त्याच्या सहीच्या वर, 'येथे सही घेणे' हेही आहे. त्याखाली सही. टंकलेखकाने दोन्ही गाळलं. चूक समजून सुधारलं असणार. आम्हीही असंच करायचो.

"हा कागद तुमच्या हातात दिला होता ना कोर्टात?" वकीलबाई म्हणाली.

दिला होता. एक मिनिट तरी माझ्या हातात होता. मी शिरोरेघा पाहिल्या. वेलांट्या पाहिल्या. एकतीस वर्षांत मजकूर न वाचता एक पान हातावेगळं केलं नाही, आणि हे एक केलं.

पुढे ती दंडाधिकाऱ्यांपुढची प्रश्नोत्तरं वाचत होती. "हे तुम्ही लिहिलंत? हो. स्वखुशीने? हो. पोलिसांनी मारलं? हो. म्हणजे मारलं नाही ना? हो." तिने पान उलटलं. "आणि हे ऐका, कंपाउंडर काकांची साक्ष. 'तो मला सॉरी काका, सॉरी काका म्हणत होता आणि दारातून हलत नव्हता.' यावर त्यांना एकाही वकिलाने एकही प्रश्न विचारला नाही."

घरी पोचले तेव्हा दाराला लावायची किल्ली कुठली ते सुचेना. समोरच्या बिऱ्हाडातली बाई म्हणाली, "बरं नाही का?" मी म्हणाले, "हो."

५ जुलै

डॉक्टरांनी सांगितलंय, त्याला 'नाही' म्हणायला शिकवा. आणि वाचून दाखवल्याशिवाय कुठेही सही नाही, हे शिकवा. आजच्या भेटीत जाळीपाशीच शिकवायला बसले.

"मी काही विचारलं आणि तुला ते नको असलं तर नाही म्हणायचं. कळलं?"

"हो."

"म्हण, नाही."

"नाही."

"शाब्बास. आता, तुला इथे राहायचंय?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेतला. "हो?"

"अरे, नाही म्हणायचं!"

"नाही. चुकलं माझं."

पलीकडच्या जाळीपाशी आलेली एक बाई हसली. मलाही हसू येऊ लागलं आणि मग ते थांबवणं कठीण झालं. त्याला वाटलं मी रडतेय. म्हणाला, "ताई, तोंड हसरं ठेव."

२ ऑगस्ट

पाचवा धडा. 'नाही' म्हणतो, पण मी म्हण म्हटल्यावर. म्हणजे तेही हो-च झालं. एवढ्या वर्षांची मेहनत दहा-पंधरा मिनिटांच्या भेटींत उसवायची म्हणजे सोपं नाही.

९ सप्टेंबर

वरच्या कोर्टात सुनावणी. तीन पिशव्या भरून वह्या नेल्या होत्या.

मी उभी राहिले. धाकटा उजव्या हाताला बाकावर, दोन पोलिसांमध्ये. तोंड हसरं.

वकीलबाईने विचारलं, "तुमच्या भावाला वाचता येतं का?"

"नाही."

"खालच्या कोर्टात तुम्ही येतं म्हणालात."

"खोटं सांगितलं."

"का?"

याचं उत्तर मी पाठ करून गेले होते. चांगलं तीन वाक्यांचं होतं. प्रत्यक्षात म्हणाले, "मला लाज वाटत होती."

सरकारी वकील उठले. "म्हणजे सोयीप्रमाणे साक्ष बदलता. आज खरं कशावरून?"

मी म्हणाले, "माझ्यावरून नकाच ठरवू. वह्या बघा." न्यायाधीशांनी एक उघडली. बराच वेळ पानं उलटली. मग चष्मा काढून विचारलं, "ही समासातली उभी रेघ आणि वेटोळं कसलं?"

"हा शब्द गाळा, अशी ती छापखान्यातली खूण आहे. मी केलेली. त्याने उतरवली. चहाचा डागही उतरवलाय, पुढच्या पानावर."

त्यांनी पुढचं पान पाहिलं. मग जबाबाचा कागद शेजारी ठेवून तो पाहिला.

"त्याची समज किती आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

मी धाकट्याकडे न बघता सांगितलं. "सहा-सात वर्षांच्या मुलाएवढी. त्याहून जास्त कधी नव्हती. होईल असं मी लोकांना भासवलं."

बाहेर व्हरांड्यात पोलिसांनी दोन मिनिटं थांबू दिलं. त्याचं हसू गेलं होतं. वह्यांच्या पिशव्यांकडे बघत म्हणाला,

"ताई, मी नापास झालो?"

मी काय म्हणाले ते लिहिणार नाही. नीट काही म्हणालेच नाही.

३ ऑक्टोबर

निकाल. दोष कायम, कारण तो दारात होता आणि एका माणसाचा हात कापला गेला. ते खरंच आहे. शिक्षा मात्र आजवर भोगली तेवढीच, अकरा महिन्यांच्या आत-बाहेर. दोन वर्षं देखरेख, पुनर्वसन केंद्रात रोज हजेरी. जबाब कुणी मांडून दिला त्याची चौकशी व्हावी, असा शेरा. माझ्याबद्दल दोन ओळी आहेत. 'साक्षीदाराने अभिमानापोटी न्यायालयाची दिशाभूल केली.' कारवाई नको, एवढी सवलत. पेन्सिल हातात होती. खूण करण्यासारखं काही सापडलं नाही.

मधलीला फोन केला. ती रडली, मग भांडायचं विसरली.

५ ऑक्टोबर

आज सुटला.

पुनर्वसन केंद्र त्याच शाळेचं आहे, जी बघायला आईने मला नेलं होतं. इमारत नवी आहे. काल जाऊन नाव घालून आले. एका टेबलावर मोठी माणसं पाकिटं चिकटवत होती, गप्पा मारत. मणी नव्हते.

तुरुंगाच्या दाराशी रिक्षा उभी ठेवून मी आत गेले. कारकुनाची खिडकी. त्याने एक पिशवी आणि एक कागद सरकवला. "सामान मिळाल्याची सही करा." धाकटा शर्टाचं बटण चाचपत उभा. कारकून म्हणाला, "अहो, लवकर. मागे माणसं आहेत."

रिक्षावाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी म्हणाले, "कर सही."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"कर ना. घरी जायचंय."

"नाही," तो म्हणाला.

मान डावीकडे झुकायला लागली होती, ती त्याने सरळ केली. "आधी वाच."

कारकुनाने आवाज चढवला. "काय तमाशा आहे? सामानाचा कागद आहे तो!" धाकट्याचे डोळे भरले, पण हात पुढे आले नाहीत. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागले. मागची रांग ऐकत होती.

"शर्ट, एक."

"हो."

"पट्टा, एक. चप्पल, एक जोड. रुमाल, एक."

"हो. हो. हो."

"पेन, निळे, एक."

"नाही."

मी पिशवीत पाहिलं. निळं पेन होतं, टोपणाला दाताच्या खुणा. "इथे आहे की."

"ते माझं नाही, ताई. ठाण्यातल्या साहेबांचं आहे. लिहायला दिलं होतं. परत द्यायचं राहिलं." मग खिडकीकडे वळून, घाईघाईने, "मी घेतलं नाही. राहिलं. ते त्यांना द्या."

कारकून त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्यापुढे कागद ठेवला आणि बोटाने पाचवी ओळ दाखवली. त्याने ती ओळ खोडली आणि पेन खिडकीच्या आत ठेवलं.

मग धाकट्याने सही केली. स्वतःचं पेन नव्हतं, म्हणून माझी पेन्सिल मागून घेतली. सही झाल्यावर परत दिली.